भीमबेटकाच्या भिंती कागदावर उतरवणारे पुरातत्त्वज्ञ डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर

जबलपूर : अमरकंटकला उगम पावलेली नर्मदा जबलपूरजवळ भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून वाट काढत पश्चिमेकडे जाते. तिच्या उत्तरेला विंध्य आणि दक्षिणेला सातपुडा. या दोन्ही रांगांतील वालुकाश्माच्या कपारींत आदिमानवाने आणि त्याच्यामागून आलेल्या अनेक पिढ्यांनी चित्रे काढून ठेवली आहेत. जबलपूर विभागातील कटनीजवळचे झिंझरी, नर्मदाकाठचे आदमगढ, सातपुड्यातील पचमढी आणि रायसेन जिल्ह्यातील भीमबेटका ही त्यांतील परिचित ठिकाणे. या ठेव्याला शास्त्रीय अभ्यासाचा विषय म्हणून देशात प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत पहिले नाव घेतले जाते ते डॉ. विष्णू श्रीधर उपाख्य हरिभाऊ वाकणकर यांचे. माळव्यात वाढलेल्या या मराठी संशोधकाची जयंती ४ मे रोजी असते.

भीमबेटकाचा शोध लावणारे पुरातत्त्वज्ञ ही वाकणकरांची ओळख शालेय पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचली आहे. मात्र शोधाचा क्षण त्यांच्या कार्याचा केवळ आरंभ होता. त्यानंतरची तीन दशके त्यांनी त्या चित्रांची नोंद करण्यात, त्यांच्या प्रतिकृती काढण्यात आणि त्यांचा काळ ठरवण्यात घालवली. त्यांनी काढलेले काही निष्कर्ष आजही वादाचे आहेत. परंतु तो वाद पुराव्यानिशी होऊ शकतो, याचे कारण त्यांनी मागे ठेवलेला दस्तऐवज हेच आहे.

माळव्यातील मराठी कुटुंब

वाकणकर यांचा जन्म ४ मे १९१९ रोजी नीमच येथे झाला. नीमच त्या वेळी ग्वाल्हेर संस्थानात होते. शिंदे, होळकर आणि पवार यांच्या राजवटींमुळे ग्वाल्हेर, उज्जैन, इंदूर, देवास, धार या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या स्थायिक झाली होती. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि माळवी, आणि अवतीभवती प्राचीन मंदिरे, शिलालेख व नाणी, अशा वातावरणात हा मुलगा वाढला.

त्यांचा पहिला ओढा चित्रकलेकडे होता. त्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले आणि पुढे उज्जैन येथे भारती कला भवन ही संस्था उभी करून विद्यार्थ्यांना चित्रकला शिकवली. इतिहास आणि पुरातत्त्व यांकडे ते वळले ते याच वाटेने. नर्मदाकाठच्या महेश्वर आणि नावडाटोली येथे १९५०च्या दशकात डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली मोठी उत्खनने झाली. त्यांत सहभागी होऊन वाकणकरांनी प्रत्यक्ष उत्खननाचे धडे घेतले. थर कसे ओळखावेत, मातीच्या भांड्याच्या तुकड्यावरून काळ कसा ताडावा, सापडलेल्या प्रत्येक वस्तूची जागा कशी नोंदवावी, ही शिस्त त्यांनी तेथे अंगी बाणवली. चित्रकाराची नजर आणि उत्खनकाची शिस्त हा संयोग त्यांच्या पुढील कार्याचा पाया ठरला.

नोंदीविना हरवलेले शोध

भारतातील शैलचित्रे वाकणकरांच्या आधीही पाहिली गेली होती. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातील अधिकारी आर्चिबाल्ड कार्लाइल यांना १८६७-६८ मध्ये मिर्झापूरच्या दक्षिणेकडील कैमूरच्या डोंगरांत सोहागीघाट येथे चित्रे दिसली. स्पेनमधील अल्तामिरा गुहेतील चित्रे जगासमोर आली ती त्यानंतर, म्हणजे १८७९ मध्ये. तरीही शैलचित्रांच्या शोधाचे श्रेय दीर्घकाळ अल्तामिराकडेच राहिले. कार्लाइल यांनी आपला शोध वेळेवर प्रसिद्ध केला नाही, हे त्यामागचे मोठे कारण. त्यांची टिपणे इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथ यांनी प्रकाशात आणली ती १९०६ मध्ये.

अल्तामिराचा अनुभवही कडवट होता. मार्सेलिनो दे सौतुओला यांनी ती चित्रे अश्मयुगीन असल्याचे सांगितले तेव्हा युरोपातील विद्वानांनी त्यांना खोटे ठरवले. १८८८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९०२ मध्ये फ्रेंच विद्वान एमिल कार्तेलाक यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली.

भीमबेटकाची कथाही काहीशी अशीच आहे. या जागेचा छापील उल्लेख १८८८ मध्ये ब्रिटिश अधिकारी विल्यम किनकेड यांच्या लेखात येतो. स्थानिक आदिवासींकडून मिळालेल्या माहितीवरून त्यांनी तिची गणना बौद्ध स्थळांत केली. त्यानंतर जवळपास ७० वर्षे अभ्यासकांचे तिकडे लक्ष गेले नाही. दरम्यान आदमगढची चित्रे मनोरंजन घोष यांनी १९२२ मध्ये उजेडात आणली, तर पचमढीच्या चित्रांवर डी. एच. गॉर्डन यांनी लेखन केले. परंतु देशभरच्या शैलचित्रांचा एकत्रित आणि पद्धतशीर आढावा कोणी घेतला नव्हता.

रेल्वेतून दिसलेले खडक

१९५७ मध्ये भोपाळ-इटारसी मार्गावर रेल्वेने प्रवास करत असताना वाकणकरांना दूरच्या टेकडीवर उभे असलेले प्रचंड खडक दिसले. फ्रान्स आणि स्पेनमधील चित्रित गुहांच्या परिसराशी त्यांचे साम्य त्यांना जाणवले. पुढे ते साथीदारांसह त्या टेकडीवर पोहोचले आणि भीमबेटका जगाला माहीत झाले. भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवरील या टेकडीचे नाव भीमाची बैठक या लोकसमजुतीतून आलेले आहे.

तेथे त्यांना दिसलेला विस्तार एका माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता. विनायका, भौंरावली, भीमबेटका, लाखाजुआर पूर्व, लाखाजुआर पश्चिम, झोंद्रा आणि मुनी बाबाकी पहाडी अशा सात टेकड्यांवर मिळून ७०० हून अधिक शैलाश्रय असून त्यांतील ४०० हून अधिक शैलाश्रयांत चित्रे आहेत. एकट्या भीमबेटका टेकडीवर २४३ शैलाश्रयांची नोंद झाली असून त्यांपैकी १३३ चित्रित आहेत.

एवढ्या पसाऱ्यात प्रत्येक कपारीला स्वतंत्र ओळख देणे ही पहिली गरज होती. टेकडीला रोमन अंक, तिच्यावरील खडकांच्या समूहाला अक्षर आणि शैलाश्रयाला क्रमांक, अशी पद्धत रूढ झाली. अभ्यासकांच्या लेखनात तीन-एफ-२३ असा उल्लेख आला की तिसऱ्या टेकडीवरील एफ समूहातील तेविसावा शैलाश्रय, हे जगात कोठेही बसलेल्या अभ्यासकाला कळते. बाहेरून ही किरकोळ कारकुनी वाटते. परंतु पन्नास वर्षांनंतर येणाऱ्याला नेमके तेच चित्र सापडावे आणि त्याची आजची अवस्था जुन्या नोंदीशी ताडून पाहता यावी, ही सोय याच क्रमांकांमुळे होते.

नक्कल करण्याचे शास्त्र

युरोपातील अनेक प्रसिद्ध चित्रे खोल, अंधाऱ्या गुहांत आहेत. मध्य भारतातील चित्रे मात्र बहुतांशी उघड्या शैलाश्रयांत, म्हणजे पुढे झुकलेल्या खडकाच्या छपराखाली आहेत. तेथे दिवसाचा उजेड पोहोचतो. त्यामुळे चित्रे पाहणे सोपे जाते, पण ऊन, पावसाचे ओघळ, शेवाळ, मधमाश्यांची पोळी आणि आडोशाला पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर यांपासून त्यांची सुटका नसते. नोंद करण्याची घाई यासाठीच असते.

रंगीत छायाचित्रण महाग आणि मर्यादित असलेल्या त्या काळात हाताने काढलेली प्रतिकृती हाच भरवशाचा दस्तऐवज होता. पुसट झालेली गेरूची रेघ आणि खडकाचा नैसर्गिक लाल डाग यांतील फरक कॅमेऱ्याला कळत नाही, तो तासन्‌तास भिंतीसमोर बसलेल्या चित्रकाराला कळतो. एकावर एक काढलेल्या चित्रांतील कोणती रेघ खालची आणि कोणती वरची, हेही निरखून पाहिल्याशिवाय उमगत नाही. भीमबेटकात काही ठिकाणी असे २० पर्यंत थर आढळतात.

वाकणकरांनी चित्रकार म्हणून कमावलेला हात येथे कामी आला. आपल्या विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना सोबत घेऊन ते कपारीमागून कपारी पालथी घालत राहिले. मध्य प्रदेशाबरोबरच देशाच्या इतर भागांतील शैलाश्रयही त्यांनी तपासले. शिकारीचे प्रसंग, हातात हात गुंफून नाचणारी माणसे, मध गोळा करणारे लोक, गवे, हरणे, रानडुकरे, हत्ती, पोटातील पिल्लू दाखवलेल्या माद्या आणि बऱ्याच नंतरच्या काळातील ढाल-तलवारधारी घोडेस्वार, असा फार मोठा चित्रसंग्रह त्यांच्या कागदांवर जमा झाला. १९६०च्या दशकाच्या आरंभी शिष्यवृत्तीवर युरोपात गेले असता तेथील चित्रित गुहांचा आणि नोंदीच्या पद्धतींचाही त्यांनी अभ्यास केला.

नक्कल करणाराही माणूसच असतो, हा या पद्धतीतील धोका आहे. अर्धवट पुसलेल्या आकृतीत त्याला जे दिसते, तेच तो कागदावर पुरे करून टाकण्याचा संभव असतो. म्हणून एकाच भिंतीच्या अनेकांनी स्वतंत्रपणे केलेल्या नोंदी मोलाच्या ठरतात. भीमबेटकाच्या बाबतीत हे घडले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून संशोधन करणारे चित्रकार-अभ्यासक यशोधर मठपाल यांनी १९७०च्या दशकात तेथील चित्रांच्या प्रतिकृती नव्याने केल्या. त्यांचा ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला.

चित्रांचा काळ कसा ठरवायचा?

शैलचित्रांच्या अभ्यासातील सर्वांत अवघड प्रश्न काळाचा आहे. भीमबेटकातील रंग मुख्यतः खनिजांपासून केलेले आहेत. लाल रंग गेरूचा, म्हणजे लोहयुक्त दगडाचा आहे. हाडे किंवा कोळसा यांचे वय कार्बन पद्धतीने ठरवता येते. खनिज रंगांत मोजण्याजोगा सेंद्रिय कार्बन नसल्याने त्यांना ही पद्धत लागू पडत नाही. चित्रांच्या थरांवरून आधी कोणते आणि नंतर कोणते, एवढाच क्रम कळतो. तो क्रम किती हजार वर्षांचा, हे भिंत सांगत नाही.

वाकणकरांनी यावर दोन मार्गांनी तोड काढण्याचा प्रयत्न केला. पहिला मार्ग शैलाश्रयाच्या तळातील माती खणण्याचा. १९७०च्या दशकात त्यांनी आणि डेक्कन कॉलेजचे डॉ. वीरेंद्रनाथ मिश्र यांनी भीमबेटकाच्या वेगवेगळ्या शैलाश्रयांत उत्खनन केले. त्यांतून हातकुऱ्हाडी वापरणाऱ्या पुराश्मयुगीन माणसापासून बारीक गारगोटीची हत्यारे घडवणाऱ्या मध्याश्मयुगीन माणसापर्यंत आणि त्यानंतर ऐतिहासिक काळापर्यंत, या टेकडीवरील मानवी वावराचा क्रम उलगडला.

दुसरा मार्ग माळव्याच्या पठारावरून जात होता. उज्जैनजवळ छोट्या काली सिंध नदीच्या काठी कायथा येथील प्राचीन वसाहत वाकणकरांनी १९६४ मध्ये शोधली आणि विक्रम विद्यापीठातर्फे तेथे उत्खनन केले. पुढे १९६८ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सहभागाने झालेल्या उत्खननाने त्या कामाला अधिक बळकटी दिली. रंगवलेली मृद्भांडी, तांब्याच्या कुऱ्हाडी व बांगड्या आणि मण्यांच्या माळा वापरणारी ही ताम्रपाषाणयुगीन वसाहत चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ठरली. माळव्याच्या प्राचीन इतिहासात कायथा संस्कृती हे स्वतंत्र पर्व त्यातून सिद्ध झाले.

या शोधाचा शैलचित्रांशी थेट संबंध होता. माळव्यातील ताम्रपाषाणयुगीन भांड्यांवर दिसणारी जाळीदार चौकटींची नक्षी भीमबेटकाच्या भिंतींवरील काही चित्रांतही आढळते. भांड्यांचा काळ उत्खननातून कळलेला होता. त्यामुळे तशीच नक्षी असलेल्या चित्रांच्या काळाचा अंदाज बांधता आला. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा निघाला की, डोंगरातील शिकारी समूह आणि पठारावरील शेतकरी परस्परांना अनोळखी नव्हते. त्यांच्यात देवघेव होती. एका वसाहतीतील मातीच्या तुकड्यांनी दूरच्या टेकडीवरील रेषांचा अर्थ उलगडला, ही वाकणकरांच्या विवेचनातील सर्वांत भक्कम कडी मानता येईल.

या साऱ्या पुराव्यांची जुळणी करून त्यांनी भीमबेटका परिसरातील चित्रांची सात कालखंडांत विभागणी केली. उत्तर पुराश्मयुगापासून मध्ययुगापर्यंत येणारी ही मांडणी आजही पाठ्यपुस्तकांत आधारभूत मानली जाते. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिलेल्या भारतातील चित्रित शैलाश्रयांवरील प्रबंधासाठी पुणे विद्यापीठाने त्यांना १९७३ मध्ये पीएच.डी. दिली. अमेरिकी विद्वान रॉबर्ट ब्रुक्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा भारतातील अश्मयुगीन चित्रकलेवरील इंग्रजी ग्रंथ मुंबईतून १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि हा विषय जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचला. त्याआधी १९७५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले होते.

वादाचा मुद्दा

वाकणकरांच्या मांडणीतील पहिल्या कालखंडाबाबत मात्र एकमत नाही. हिरव्या रंगातील नाचणाऱ्या लवचीक मानवाकृती त्यांनी सर्वांत प्राचीन, म्हणजे उत्तर पुराश्मयुगातील मानल्या. उत्खननात त्या काळाच्या थरात मिळालेला हिरव्या रंगद्रव्याचा तुकडा हा त्यांचा आधार होता. मठपाल आणि अन्य काही अभ्यासकांना तो पुरेसा वाटला नाही. थरात रंगाचा तुकडा मिळाला म्हणजे भिंतीवरचे चित्र त्याच थराचे, असे सिद्ध होत नाही, हा त्यावरील मुख्य आक्षेप. या अभ्यासकांच्या मते भीमबेटकाच्या चित्रांचा आरंभ मध्याश्मयुगात होतो.

हा प्रश्न काही हजार वर्षांच्या फरकापुरता मर्यादित नाही. भारतातील माणसाने रेषा आणि रंग यांचा वापर युरोपातील गुहाचित्रकारांच्या काळीच सुरू केला होता की हिमयुग संपल्यानंतर, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. चित्रांच्या अर्थाबाबतही असेच मतभेद आहेत. शिकारीचे चित्र हा शिकार यशस्वी व्हावी यासाठीचा विधी, घडलेल्या प्रसंगाची आठवण, की समूहातील मुलांसाठीची शिकवण, याचे एकच उत्तर नाही. वाकणकरांची मते ठाम असत. परंतु त्यांनी चित्रांच्या प्रतिकृती, त्यांची ठिकाणे आणि उत्खननातील थर यांच्या नोंदी आपल्या मतांपासून वेगळ्या तपासता येतील अशा ठेवल्या. त्यामुळे त्यांच्याशी असहमत असलेल्या अभ्यासकालाही त्यांचे काम वगळून पुढे जाता येत नाही.

अखेरची वर्षे

वाकणकरांचा व्यासंग शैलचित्रांपुरता सीमित नव्हता. प्राचीन नाणी, शिलालेख आणि मूर्ती यांचा त्यांनी संग्रह आणि अभ्यास केला. मंदसौर आणि उज्जैनजवळच्या दंगवाडा येथील उत्खननांतही त्यांचा सहभाग होता. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी त्यांचे निकटचे नाते होते आणि कलाक्षेत्रात काम करणाऱ्या संस्कार भारती या १९८१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या उभारणीत ते अग्रणी होते. १९८५ मध्ये, वयाच्या ६६व्या वर्षी, त्यांनी लुप्त सरस्वती नदीच्या मार्गाचा शोध घेण्यासाठी हरियाणातील आदिबद्रीपासून गुजरातमधील सोमनाथपर्यंतच्या सर्वेक्षण यात्रेचे नेतृत्व केले. सरस्वतीच्या प्रवाहाबद्दल भूवैज्ञानिक आणि इतिहासकार यांच्यात आजही चर्चा चालू आहे.

३ एप्रिल १९८८ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ६८ वर्षांचे होते. देशातील चित्रित शैलाश्रयांवरील त्यांचा मूळ प्रबंध पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

मागे उरलेला दस्तऐवज

भीमबेटकाला १९९० मध्ये राष्ट्रीय संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. २००३ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. सुमारे १,८९३ हेक्टर मुख्य क्षेत्र आणि त्याभोवती १०,२८० हेक्टरचा संरक्षक पट्टा, असा आज या वारशाचा विस्तार आहे. युनेस्कोच्या मूल्यमापनात चित्रांइतकेच महत्त्व परिसरातील गावांच्या जीवनाशी असलेल्या त्यांच्या नात्याला देण्यात आले आहे. मध्य प्रदेश शासन पुरातत्त्वातील योगदानासाठी वाकणकर यांच्या नावाने राष्ट्रीय सन्मान देते आणि उज्जैन येथील वाकणकर शोध संस्थान त्यांचा वारसा जपत आहे.

मध्य भारतातील सर्वच शैलाश्रयांच्या वाट्याला भीमबेटकासारखे कुंपण आणि पहारेकरी आलेले नाहीत. विंध्य आणि सातपुड्याच्या जंगलांत विखुरलेल्या कपारींतील रंग दर पावसाळ्यात थोडे अधिक फिके होतात. जेथे दगडाच्या खाणी आहेत, तेथे खडकच नाहीसा होण्याचे भय असते. आज अभ्यासकांच्या हाती अंकीय छायाचित्रण आहे आणि मानवी डोळ्याला न दिसणारा रंग पडद्यावर उठावदार करणारे तंत्रज्ञानही आहे. भिंतीला स्पर्श न करता किंवा तिच्यावर पाणी न मारता नोंद करणे त्यामुळे शक्य झाले आहे.

नव्या तंत्राने मिळालेली प्रतिमा ताडून पाहायची ती मात्र जुन्या नोंदीशीच. अर्धशतकापूर्वी एखादे हरिण भिंतीवर किती स्पष्ट होते, त्याची शिंगे कोठवर दिसत होती, त्याच्या खाली आणखी कोणती आकृती होती, याचे उत्तर वाकणकर आणि त्यांच्या समकालीनांनी केलेल्या प्रतिकृतींत शोधावे लागते. ज्या भिंतीवरचे चित्र पुसले गेले असेल, तेथे तर तो कागद हाच एकमेव साक्षीदार उरतो. म्हणूनच भीमबेटकाच्या शोधाइतकीच, त्यानंतर भिंतींसमोर बसून केलेली ती संथ, चिकाटीची नक्कल ही डॉ. वाकणकर यांची भारतीय पुरातत्त्वाला दिलेली टिकाऊ देणगी आहे.